मेहुण्यांसमोर शब्बाथ

शनिवार, २ एप्रिल २००५
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: पत्र्याचा कूलर (चालू). शेजारच्या नर्मदावहिनींसाठी शेवयांचं यंत्र (एकदा चाललं). दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची नळी, सायकलच्या पंपातून कापलेली. हनुक्काचा नऊ वातींचा दिवा, नळाच्या पितळी तोट्यांचा. कोर्स नाही, डिप्लोमा नाही.
आज शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विश्रामवार, कडक पाळला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून काम नाही, विस्तव नाही, बटन नाही. अपवाद: चहा, पंखा, शेजारच्या व्यंकटरावांच्या मिक्सरची दुरुस्ती (तातडीची). सिपोरा म्हणाली, लिहिणं हेही कामच. शिसपेन्सिलीने लिहितोय. खोडता येतं.

रविवार, ३ एप्रिल
ठाण्याहून मेहुण्यांचा फोन. अरोनराव शुक्रवारी येताहेत, शब्बाथला राहणार. म्हणाले, "सगळ्या हिंगोलीत बेने इस्राएलांचं घर एक. आणि भावजी, तुमचा हात स्क्रूड्रायव्हरवरून निघतो कधी?" सिपोरा हसली. सख्खा भाऊ ना.
दाखवून द्यायचं.

मंगळवार, ५ एप्रिल
शेमाची प्रार्थना घरी बसताना म्हणावी, वाटेने जाताना म्हणावी, असं शास्त्र. लुनाचा उल्लेख नाही, धरून चाललो. शेमा डोळे झाकून म्हणतात. एसटी डेपोसमोर म्हटला.
तीन टरबुजं विकत घ्यावी लागली. सिपोराला सांगितलं, स्वस्त मिळाली.

बुधवार, ६ एप्रिल
यंत्र तयार! चावीचं घड्याळ. गजर झाला की मागची चावी फिरते, दोरी गुंडाळते, लाईटचं बटन बंद होतं. सूर्यास्ताआधी लाईट-पंखा लावून ठेवायचा. नऊला लाईट आपोआप बंद. बोट लावलं नाही, म्हणजे पाप नाही. चाचणी यशस्वी. (दुसरी. पहिलीत होल्डर निघून आला.)

शुक्रवार, ८ एप्रिल, सायं. ५.५०
अरोनराव आले. लाईट-पंखा चालू. यंत्रावर टॉवेल टाकलाय. नऊला कळेल त्यांना.

रविवार, १० एप्रिल
काल लिहिलं नाही. शिसपेन्सिलीनेही नाही.
शुक्रवारी साडेसहाला लोडशेडिंग. आठला शब्बाथच्या दिव्यातलं तेल संपलं. नऊला वीज आली, पंख्याने एक फेरा घेतला, आणि गजर झाला. दोरीने लाईटचं बटन बंद केलं, शेजारचं पंख्याचंही. यंत्र अचूक होतं. वीज उशिरा आली.
बटनाला आपण हात लावायचा नाही, दुसऱ्याला लाव म्हणायचंही नाही. फार तर सुचवावं. अंगणात व्यंकटराव होते. म्हणालो, "आमच्याकडे फार अंधार आहे हो."
"व्हय, अवस हाय."
"उकडतंयही."
अरोनराव घाम पुसत म्हणाले, "पंखा फिरला असता तर..."
"लाईट आली की! बटन काहून दाबून न्हाई राहिले? लेकरं हाव का तुमी?" असं म्हणून व्यंकटराव पाडव्याच्या गुढीची काठी धुवायला गेले.

शनिवारी सकाळी अरोनरावांचं अंथरूण रिकामं. व्यंकटराव म्हणाले, "पावने पहिल्या गाडीनं परभणीला गेले. पंख्याचं लॉज इचारून राहिले व्हते." शब्बाथला प्रवास! मला फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, ज्याला दाखवायचं तोच गेला.
दहाला व्यंकटरावांचे साडू, हट्टा गावचे तातेराव, हळदवाले, पाडव्याला आलेले. त्यांनी यंत्र दोनदा चालवून पाहिलं. "मोटर बंद कराया रातच्याला हिरीवर जावं लागतंय. लई तकलीफ. ह्ये बराबर हाय." खिशातून नोटा काढल्या. भावकीसाठीही हवी होती.
मी म्हणालो, "शब्बाथ आहे. आज सौदा नाही. उद्या या."
"उद्या कशाला, आजच बाजारातून दुसरं घीन. बोलू नका, निस्ती मान हलवा ना!"
सिपोरा कानाशी म्हणाली, "दादा काही इथे नाही आता."
मान हलवली. आडवी.

आज सकाळच्या गाडीने हट्ट्याला गेलो. तातेरावांच्या विहिरीवर कंपनीचा टायमरचा डबा बसलेला. गॅरंटी कार्डही दाखवलं. चहा दिला.
नाकारलेली ऑफर: सहा यंत्रं, प्रत्येकी सातशे. एकूण बेचाळीसशे रुपये.