अण्णा, त्या मिशा कुणाच्या?

प्रिय अण्णा,

या महिन्याच्या पाच तारखेला, रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, नुंगंबाक्कमच्या तुझ्या तालमीत तुझ्या नातीला चटईवरून उठवलं. तेही तुझं नाव घेऊन! गेलेल्या माणसाला गोडच लिहावं म्हणतात. आज ते माझ्याने होणार नाही.

सरोजा तांबरमच्या कॉलेजात जाते. गेल्या महिन्यात स्टेशनच्या जिन्याखाली एका माणसाने तिच्या दावणीला, त्या अर्ध्या साडीच्या पदराला, धरून तिला खाली पाडलं. लोक धावले म्हणून वाचली. घरी येऊन ती रडली नाही. म्हणाली, "रंगूआजी, उभ्याने हात सोडवायला आजोबांनी शिकवलं. पडल्यावर काय करायचं ते का नाही शिकवलं?"

तिला घेऊन तालमीत गेले. तुझ्यामागे तुझा शिष्य नटेशनच तिथे ती जपानी कुस्ती, जुजुत्सू, शिकवतो. सरोजा पाठीवर पडली मात्र, त्याने टाळी वाजवली.

"ऊठ, ऊठ! अय्यो अम्मा, मुलींना उभ्याचेच डाव. सरांचा नियम."

आणि देव्हाऱ्यातून तुझी वही आणली. वहीला कुंकू लावलंय त्याने! आत तुझ्याच वळणदार इंग्रजीत लिहिलेलं: मुलींना जमिनीवरचे डाव शिकवू नयेत.

अण्णा, हे लिहिताना मी आठवले नाही तुला?

कलकत्त्याच्या नोकरीत जपानी मास्तरांकडून विद्या घेऊन आलास, सरावाला माणूस मिळेना, म्हणून मला चटईवर ओढलंस. वजन माझ्या दुप्पट. रोज खाली मीच! तेव्हा मलाच उमगलं की आधी तुझ्या बाहीचं टोक माझ्या मुठीत हवं. बाही मुठीत, तळवे तुझ्या कमरेवर, गुडघे आपल्या दोघांच्या मध्ये. तू बाही सोडवलीस की मी गळपट्टी धरायची. गळपट्टी सोडवायला हात आणलास की पुन्हा बाही. एकदा तू घामाने निथळत म्हणालास, "रंगे, तुझं हे पायांचं कुंपण काही ओलांडता येत नाही ग!" तेवढं एकदाच म्हणालास.

मग वहीत चित्रं काढलीस. दोन दुपारी मी तशीच पडून राहिले, मान अवघडेपर्यंत. आणि चित्र पुरं झाल्यावर त्यातल्या मला मिशा काढल्यास! "लोक काय म्हणतील?" म्हणालास. मी हसले. ती चूक माझी, तीही लिहून ठेवते.

आता नटेशन काय सांगतो? "चित्रात खाली सर स्वतः आहेत, अम्मा. म्हणून आम्ही पहिली पकड डाव्या हाताने घेतो. सरांचं गुपित!"

गुपित कसलं? तू उजव्या हाताचा. डावरी मी! कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्ट्या मारून माझी लेखणी उजव्या हातात दिली, पण पकड डावीच राहिली. एवढे धडधाकट पुरुष इतकी वर्षं माझा डावा हात गिरवतायत, आणि माझ्याच नातीला सांगतायत की हे बायकांचं काम नव्हे.

मी त्याला हे सगळं तिथेच ऐकवलं. तो खाली बघत म्हणाला, "सर कधी बोलले नाहीत, अम्मा."

खोटं नाही बोलला तो. हेच तर झोंबतंय! एक वाक्य सांगायचं होतंस. भीती कशाची होती, माझ्या अब्रूची की तुझ्या नावाची? शेवटच्या आजारात खाटेशी बसून तुला कंजी, तांदळाची पेज, भरवत होते, तेव्हा तरी? वाटायचं, आज बोलशील. मीही विचारलं नाही. बहिणीने का विचारावं?

नटेशनला टाइप करून पत्र धाडलंय: वहीतला तो नियम खोडणार की नाही, चित्राखाली माझं नाव लिहिणार की नाही. त्याची नक्कल या पत्राला जोडलीय, तुझ्यासाठी. तुला उत्तर देता येत नाही, म्हणून तुझ्या वतीने त्याने द्यायचं.

सरोजाला मात्र मी थांबवणार नाही, हे तुला वचन. उद्या सकाळपासून माझ्या गच्चीवर गाद्या पसरणार. मी साठीची आहे, गुडघे कुरकुरतात. तरी वर मी राहीन, ती खाली. माझी बाही तिच्या मुठीतून सुटेनाशी होईपर्यंत.

नटेशनचं उत्तर लेखी हवं, येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी निरोप मी घेणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
रंगू