दोन्ही बाजू सुलट

प्रिय छोट्या,

निमंत्रण पोचलं. कागद भारी आहे, अक्षरं सोनेरी आहेत, आणि वाढदिवस आईचा असला तरी आधी तुझं नि तुझ्या बायकोचं नाव आहे. तुम्ही सभागृह घेतलंय, पडद्यावर ‘आईच्या गमतीजमती’ दाखवणार आहात, आणि मी थोरली मुलगी म्हणून दोन शब्द बोलायचे आहेत. जन्मभर कोर्टात लघुलेखिका म्हणून मी दुसऱ्यांचेच शब्द टिपले. माझे स्वतःचे दोन शब्द शिल्लक आहेत, पण ते सोनेरी कागदाच्या समारंभात शोभणारे नाहीत. म्हणून इथे लिहिते.

गेल्या थंडीत आई उलटा स्वेटर घालून तुमच्या दिवाणखान्यात आली होती, ते तुला आठवत असेल. नसेल तर फोन उघडून बघ. शिवणी बाहेर, कंपनीची पट्टी गळ्याशी, आणि समोर पाहुणे. तुझ्या बायकोने आधी फोन काढला आणि मग आईला विचारलं की आज ही कुठली नवी फॅशन. आई हसली. चुलत, आते, मामे, सगळ्या भावंडांच्या ग्रुपवर ते चित्रण फिरलं आणि सगळ्यांनी दात काढणारे चेहरे पाठवले. त्यात तुझाही एक होता. पलीकडच्या खोलीत बसून तू तो पाठवलास. उठून चार पावलं चालत जायचं आणि आईचा स्वेटर सरळ करायचा, हे तुला सुचलं नाही. मी फोन केला तेव्हा तू मला समजावलंस की ताई, तू फार मनाला लावून घेतेस, आईला आता काही कळत नाही आणि तीही हसतेच की. लहानपणी फुलदाणी फोडून मांजरावर ढकलायचास, तेव्हाही असाच समजूतदार आवाज काढायचास.

त्याच आठवड्यात मी लोकर आणली, डाळिंबी आणि राखाडी. उलटा घालताच येणार नाही असा स्वेटर विणायचा ठरवलं. एका बाजूने डाळिंबीवर राखाडी चौकडा, दुसऱ्या बाजूने राखाडीवर डाळिंबी. गळा पुढून-मागून सारखा, आणि बाह्या अर्ध्या, कारण लांब बाहीत आईचा हात वाट चुकतो. बाजारात मिळतो की, असं तू म्हणालास. तुझ्या मते सगळंच बाजारात मिळतं.

हे विणकाम तुला कळणार नाही, तरी सांगते. एकाच सुईवर दोन स्वेटरांचे टाके असतात. या बाजूचा टाका सुलट घालायचा, त्या बाजूचा उलट, आणि दोन्ही धागे आपापल्या वाटेने न्यायचे. आमच्या शाळेतल्या सिस्टर विणकाम तपासताना आधी ते उलटं करायच्या. मागे गाठी, लोंबते धागे दिसले की सरळ बाजूकडे न बघताच परत द्यायच्या. इथे मागची बाजूच नाही. गाठी सगळ्या दोन थरांच्या मध्ये. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन्ही धाग्यांना एकमेकांभोवती एक वेढा द्यावा लागतो. तो विसरला तर कडेला दोन थर सुटे राहतात, उशीच्या अभ्र्यासारखे.

आणि मी एका बाहीला तो विसरले. तू मालिका बघत होतास त्या रविवारी मी स्वेटर आईच्या अंगाला बसतो का बघायला घेऊन आले होते. आईच्या खोलीत तिच्या डोक्यातून घातला, आणि तिने हात बाहीत न घालता त्या दोन थरांच्या मध्ये घातला. हात पुढे जाईना, मागे येईना. मी म्हटलं, थांब, काढते. ती धडपडली नाही, ओरडली नाही. दाराकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आधी दार लाव. सूनबाई फोन घेऊन येईल.”

एवढंच. मी दार लावलं, हात सोडवला. तिने केस नीट केले आणि म्हणाली, “मी हसते गं. नाही हसले तर पुन्हा पुन्हा करायला लावते.”

काही कळत नाही म्हणे.

घरी येऊन ती बाही मी उसवली आणि पुन्हा विणली. तुझ्यावर ओरडायला मी तेव्हाच बाहेर यायला हवं होतं असं तुला वाटत असेल, तर तो मान मी तुला दिला नाही. ओरडायला समोर कोणी तरी असावं लागतं.

आता मुद्द्याचं. गुरुवारी स्वेटर शेवटचा घालून बघायला म्हणून मी आईला इकडे आणलं, आणि रविवारी थेट सभागृहात घेऊन येईन असं तू गृहीत धरलंस. आम्ही येणार नाही. तिथेही नाही, नंतर तुझ्या घरीही नाही. हे मी एकटीने ठरवलेलं नाही. मी तिला विचारलं. तुझ्या घरी हा प्रकार कधी झाला नसेल, म्हणून सांगते: विचारायचं, आणि मग गप्प बसायचं. तिने बराच वेळ घेतला. मध्ये खिडकीतून रस्ता बघितला, पाणी मागितलं, प्रश्न विसरली असं वाटलं. मग म्हणाली की इथे राहते, छोट्याला वाईट वाटेल, पण राहते. तुझ्या वाटण्याची काळजी करणारं एकच माणूस जगात आहे, ते आता माझ्याकडे आहे. तिचा चष्म्याचा दुसरा जोड, रेडिओ आणि पायाखाली घ्यायची उशी तेवढी आणून दे. बायकोला आणू नकोस. घंटा एकदाच वाजव. दार उघडायचं काम आईने स्वतःहून घेतलंय, आणि कडी कुठल्या बाजूला सरकते ते तिला दर वेळी नव्याने शोधावं लागतं. मी मदतीला जात नाही. तूही बाहेरून सूचना देऊ नकोस. उभा राहा, आणि तिला कडी सापडेपर्यंत थांब.

तुझीच,
ताई