माझा जबडा आणि तुमचे भाऊ

चेरीताल, जबलपूर
चैत्र शुद्ध पंचमी

ती. स्व. बेबीताई,

भानुमतीचा वाकून नमस्कार. (नमस्काराला तोंड उघडावं लागत नाही, म्हणून तो पहिल्यासारखाच पूर्ण आहे. बाकी माझं सगळं सध्या एका बोटाच्या मापाने चाललं आहे, ते पुढे येईलच.) तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली आणि तुम्हाला समोरच्या भिंतीवरची पाल दिसायला लागली, हे हेमचंद्राने फोनवर ऐकून सांगितलं. पाल का होईना, दिसली ना. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलं असेल तर वाकू नका, आणि सून पोळ्या जाड करते म्हणून स्वतः पोळपाटाशी बसू नका. मी अक्षर मुद्दाम मोठं काढून राहिले आहे. हेतू हा की पत्र तुमचं तुम्हीच वाचावं, सुनेकडून वाचून घेऊ नये. फोन केला असता, पण फोन बैठकीत आहे आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत तुमचे भाऊ असतात.

विनीताच्या लग्नाला तुम्ही नव्हता, याची चुटपुट सगळ्यांनाच लागली. फोटो हेमचंद्र पाठवेल. पण जे फोटोत येत नाही ते मला सांगायचं आहे, आणि ते सांगायला जबड्यापासूनच सुरुवात करावी लागते. थोडी लांबण लागेल. तुम्ही मला ओळखताच.

संक्रांतीच्या दिवशी शकुने तिळाच्या वड्या केल्या. सून गुणाची आहे, पण पाकाची आणि तिची दोस्ती नाही. त्या वड्या इथल्या कांचघर भागातल्या नव्या रस्त्याला घातल्या असत्या तर चार पावसाळे निघाले असते. मी तिचं मन राखायला एक वडी उजव्या दाढेखाली धरली आणि दाबली. वडी काही फुटली नाही, पण कानापाशी कट् असा आवाज झाला. मला वाटलं, चला, फुटली. नंतर कळलं की आवाज माझ्यातून आला होता. त्यानंतर तोंड उघडायला गेले तर एका बोटाएवढं उघडून थांबलं. कपाटाचं दार आतल्या ट्रंकेला अडतं, तसं. संक्रांतीच्या दिवशी, ताई, लोक दारात येऊन गोड बोला म्हणत होते आणि मी नुसती मान हलवत होते.

दुखण्याचं मला भय नव्हतं. भय होतं मंगलाष्टकांचं. लग्न माघातलं. आपल्या घरातल्या प्रत्येक लग्नात अष्टकं मी रचली आणि मीच म्हटली, हेमचंद्राच्या, पोटच्या लेकाच्या, लग्नातसुद्धा. विनीता तर एकुलती एक नात. शिलाई मशीनवर तिच्याच रुखवताच्या उशा शिवत शिवत मी पाच कडवी गुणगुणत जुळवली होती. (सहावंही होतं, ते खोडलं. का, ते नंतर सांगते.) आणि हे काम दुसऱ्या कोणावर टाकता येण्यासारखं नव्हतं. इथली मुलं मराठी समजतात, पण म्हणायला सांगा, बातम्या वाचल्यासारखी म्हणतात. विनीताचा चुलतभाऊ अच्युत म्हणाला, दादी, कॅसेट लगा देंगे. मी त्याच्याकडे पाहिलं. तोंड बंद असलं की नुसतं पाहण्यात फार ताकद येते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग उपाय सुरू झाले. पहिले तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकणं. माझ्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या एक बाई मझौलीच्या, त्यांनी शेतातून निर्गुडीचा पाला आणून दिला, तोही वाफवून बांधला. बरं वाटायचं, पण बोट एकच. मग शेजारचे म्हणाले, कांचघरला एक पहलवान आहे, सरकलेलं हाड बसवून देतो. तिथे गेलो. माणूस मोठा प्रेमळ, पण हात पाहिले तर एकेक पंजा परातीएवढा. त्याने माझी हनुवटी मुठीत धरली, दुसऱ्या हाताने डोकं पकडलं आणि मला म्हणाला, अम्मा, भगवान का नाम लो. आता देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं असतं तर मी त्याच्याकडे कशाला गेले असते? तेवढ्यात तुमचे भाऊ खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "चला."

एवढंच. तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे. तीस वर्षं कारखान्यात मशीनच्या आवाजात काढली, तिथे बोललेलं कोणाला ऐकू जात नसे, म्हणून बोलायचीच सवय सुटली असं मी समजत आले. घरात त्यांचा एक "हूं" असतो. पाणी हवं तरी तोच, मुलगा पास झाला तरी तोच. बाकीचं बोलणं दोघांच्या वाट्याचं मी उरकत आले. अशा माणसाने आपण होऊन एक आख्खा शब्द काढला, म्हणून मी पहलवानाच्या मुठीतून हनुवटी सोडवून निघाले.

पुढे कानाच्या डॉक्टरकडे गेलो, कारण दुखणं मला कानातच वाटे. त्यांनी बत्ती लावून आत पाहिलं आणि म्हणाले, कान बेकसूर है, झगड़ा पड़ोसी का है. मग त्यांनीच दातांच्या एका डॉक्टरणीचं नाव लिहून दिलं.

ताई, ती डॉक्टरीण विनीताच्या वयाची. वेणी घातलेली, पायात चपला. मी मनात म्हटलं, ही काय माझा जबडा उघडणार. तिने कपाटातून माणसाची कवटी काढून माझ्या हातात दिली. प्लास्टिकची होती, पण मी घाबरून आधी तिला नमस्कार केला. मग तिने तो खालचा जबडा हलवून दाखवला आणि मी पाहतच राहिले. आपण समजतो, तोंड म्हणजे डब्याचं झाकण, उघडलं आणि लावलं. तसं नाहीच. दोन्ही कानांपुढे एकेक सांधा. तोंड उघडताना तो आधी जागच्या जागी फिरतो, आणि मग पुढे घसरतो. गुडघ्याला हे जमत नाही, कोपराला जमत नाही. आणि दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाला जोडलेले, एकाला दुसऱ्याला सोडून काही करताच येत नाही. मध्ये नखाएवढी एक मऊ गादी असते, ती हाडाबरोबर पुढे-मागे सरकते. माझी गादी पुढे निसटून अडली होती. मी आयुष्यभर ब्लाउजच्या बाह्या बसवल्या, काखेत चौकोनी तुकडा घालून हात वर होईल असं केलं आणि स्वतःला मोठी कारागीर समजत आले. आणि देवाने इथे, कानाशी, एवढीशी गादी घातली आहे, आणि टाका कुठे दिसत नाही. मी तीनदा हात जोडले. डॉक्टरणीला वाटलं मी फी कमी करा म्हणते आहे.

तिने माझ्या दातांचा साचा घेतला. तोंडात जेमतेम मावला. त्यावरून पांढऱ्या प्लास्टरचे माझे दात बनवले आणि उजेडात धरून वाचायला लागली, जशी कोणी पत्रिका वाचते. पुढच्या दातावर एक बारीक खाच होती. ती पाहून म्हणाली, "अम्माजी, आप सिलाई करती हैं ना? धागा दाँत से तोड़ती हैं." मी तिला माझा धंदा सांगितला नव्हता, ताई. मग म्हणाली, उजव्या बाजूने सुपारी खाता, आणि झोपेत दात आवळता. तिन्ही खरं. पत्रिकेत पुढचं लिहिलेलं असतं आणि दातात मागचं, एवढाच काय तो फरक.

उपाय विचारले, तर तिने घाई केली नाही. म्हणाली, बहुतेकांचं साध्या गोष्टींनीच बरं होतं. मऊ खायचं, गरम शेक, सुपारी बंद, जांभई आली तर हनुवटीला मूठ लावून ती आवरायची. जीभ टाळूला टेकवून हळूहळू तोंड उघडायचा व्यायाम. चार दिवस दुखण्याच्या गोळ्या. रात्री दातांवर घालायला पारदर्शक साच्याची पट्टी, म्हणजे झोपेत आवळले तरी जोर सांध्यावर जात नाही. एवढ्याने नाही भागलं तर सुईने सांधा धुतात, आणि ऑपरेशन अगदी शेवटी, क्वचित. मला ते ऐकून हायसं वाटलं. मग ती म्हणाली, आणि बोलणं कमी. मी विचारलं (एका बोटातून जेवढं विचारता येतं तेवढं), लग्नात गायचं आहे, चालेल ना? ती हसली आणि म्हणाली, "गाना अगली शादी में."

आमच्याकडे पुढची शादी कुठली, ताई. अच्युतची होईल तेव्हा मी असेन का, ते तरी कोणाला माहीत.

तर मी गप्प बसले. शकुने खिचडी पातळ केली, मग अधिक पातळ केली, मग मी ती पाहून रडले. रात्री पट्टी घालून झोपायची, तिला मी कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवते. आणि घर कसं ऐकू यायला लागलं काय सांगू. नळ गळत होता, किती महिन्यांपासून कोण जाणे. घड्याळ दर वेळी टोल्याच्या आधी घसा साफ करतं. चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी मी उसवण काढत बसले होते, तर तुमचे भाऊ पेपर खाली ठेवून म्हणाले की आज भाजीवाला आला नाही. मी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, त्याच्या मुलीला टायफॉईड झाला आहे. त्यांना हे कसं माहीत होतं, मला कळेना. भाजी तर रोज मी घेते.

लग्नाचा दिवस आला. पाच कडव्यांचा कागद मी भटजींना दिला होता, त्यांनी चष्मा शोधला, तो मिळाला नाही. त्यांनी आपली दोन नेहमीची म्हटली. अंतरपाटाच्या अलीकडे विनीता, पलीकडे जावई. दोन्हीकडचे लोक हातात अक्षता धरून उभे. भटजींनी इकडेतिकडे पाहिलं, आणखी कोणी म्हणणार का? मी हनुवटीला मूठ लावली, जांभई आवरतात तशी. विनीता अंतरपाटाशी उभी राहून माझ्याकडे वळून बघत होती. भटजी आता शेवटचं म्हणून अंतरपाट काढणार, तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं नाही, कारण मला वाटलं वरपक्षाकडचे कोणी आहेत. पण शब्द माझे होते. चालही माझी होती, फक्त खालच्या पट्टीत. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. मग पाहिलं, तर तुमचे भाऊ. हातात कागद नाही, डोळे मिटलेले, फेटा एका कानावर उतरलेला. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं पाठ. बैठकीतल्या खुर्चीत पेपरमागे बसून या माणसाने ते सगळं ऐकलं होतं. पाच झाली. मला वाटलं आता थांबतील. पण ते सहावं म्हणायला लागले.

हे मी खोडलं होतं, ताई. मांडवात लोक हसतील आणि तुमच्या भावांना वाईट वाटेल, म्हणून. त्याची पहिलीच ओळ अशी:

"आजोबा बसती मुकेच परि ते डोळ्यांत सारे कळे"

आणि लोक हसले. सगळा मांडव हसला, वरपक्षसुद्धा. जो माणूस मुका म्हणून कडव्यात बसला आहे, तोच ते गाऊन राहिला आहे, हे पाहून भटजींच्या हातातून अक्षता सांडल्या. ते हसणं संपेपर्यंत तुमचे भाऊ थांबले आणि मग पुढच्या तीन ओळी त्यांनी म्हटल्या. तेव्हा मांडवात कोणी हसत नव्हतं. शेवटचं "कुर्यात् सदा मंगलम्" जरा चिरकलं. अंतरपाट निघाला. विनीताने आधी हार घालायचा सोडून आजोबांकडे पाहिलं, आणि जावई बिचारा मान पुढे करून तसाच उभा.

मी पुढे होऊन त्यांचा फेटा सरळ केला.

असं आहे. बाकी सर्व कुशल. जबडा अजून तसाच, एकच बोट जातं, बोलणं जवळजवळ बंद, खिचडी सुरू. काळजी नसावी. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा. घरातल्या लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

तुमची
भानुमती

ता. क. १ : वर्ध्याकडचं कोणी येणार असेल तर वायगावची हळद अर्धा किलो पाठवावी. इथली हळद रंगाला आहे, वासाला नाही.

ता. क. २ : ताई, लहानपणी ते गात होते का? कुठे, कोणासमोर, आणि बंद कधी झालं? त्यांना विचारलं (कागदावर लिहून) तर "हूं" म्हणतात. तुम्ही मोठी बहीण, तुम्हाला आठवत असेल. सविस्तर लिहा. पण पाकिटावर शकुचं नाव घाला, म्हणजे पोस्टमन त्यांच्या हातात देणार नाही.

ता. क. ३ : हे वाचून झालं की कागदाचा हा खालचा भाग फाडून चुलीत घाला. माझा जबडा शिमग्यालाच बरा झाला. तीन बोटं आरामात जातात, डॉक्टरणीने मापून पाहिलं आणि पाठ थोपटली. घरात हे कोणाला माहीत नाही, आणि तुम्ही फोनवरून हेमचंद्रालाही सांगू नका. कारण असं की, दिवेलागणीनंतर तुमचे भाऊ माझ्या मशीनशेजारी खुर्ची ओढून बसतात आणि बोलतात. मी हातशिलाई करत ऐकते. तुमच्या वडिलांची बैलजोडी सांगून झाली, तुमचं लग्न झालं, नोकरीसाठी जबलपूरला उतरले तो पहिला दिवस झाला. काल रात्री म्हणाले, मग तुला पाहायला आलो होतो तो दिवस, तो उद्या सांगतो. आता सांगा ताई, मी आज बरी कशी होऊ?