आजोबांचं यीस्ट आणि तळघरातला हीटर

६ ऑक्टोबर
आजोबा गेले; त्यांच्या नावाने जेवण पंचवीसला. त्याला घरचीच बिअर लागते, आजोबांनी जपून ठेवलेल्या यीस्टची. गुनवोर आत्या म्हणाली, "तू बनव. जमली तर यीस्ट तुझ्याकडे राहील. नाही तर मी घेऊन जाते." जमणारच. शाळा सोडलीय, वेळच वेळ.

७ ऑक्टोबर
जवाच्या काढ्यात यीस्ट ओतताना जोरात ओरडायचं असतं. यीस्ट जागं होतं, भुतं पळतात. आजोबांची आरोळी फ्योर्डच्या खाडीपलीकडे जायची. मी ओरडणारच होते. पण शेजारचे श्यूर काका अंगणात होते. मग मनात ओरडले. मनात आवाज फार मोठा निघाला.
आजोबा काढा आंघोळीच्या पाण्याइतका कढत असतानाच यीस्ट ओतायचे. मी काढा चांगला गार केला. व्हिडिओत तसंच आहे.

९ ऑक्टोबर
पिंपात फेस जेमतेम. आत्या म्हणाली, "मेलं की काय गं?" म्हटलं, शांत स्वभावाचं आहे. माझ्यासारखं.
फेस बसला म्हणजे काम झालं. साखर घालून बाटल्या भरल्या, तळघरात ठेवल्या. आजोबांची बिअर आठवड्यात पिऊन संपायची. माझी निवांत मुरणार.

१४ ऑक्टोबर
बटाटे आणायला खाली गेले. कोपऱ्यात आजोबा उभे. म्हणजे त्यांचा कोट. बटाटे राहिले. पाय दुखत होता.

१५ ऑक्टोबर, दुपार
तळघरात हीटर लावला. घाबरले म्हणून नाही. आजोबांना थंडी सोसायची नाही, एवढंच.

१९ ऑक्टोबर
खालून टक. मग परत टक. आजोबा तंबाखूचा पाइप झाडायचे तसं. आत्या म्हणाली, "वर बोलाव त्यांना, कॉफी केलीय." यात हसण्यासारखं काय? उद्या खाली जाऊन बघणार.

२० ऑक्टोबर
उद्या.

२५ ऑक्टोबर
पाहुणे बसले. श्यूर काका म्हणाले, "आण की पोरी, घसा सुकला!" तेवढ्यात खाली धाड! मग धाड-धाड! मी टेबलाखाली. म्हटलं, आजोबा चिडलेत.
काका खाली जाऊन आले. मोजे ओले. "कसले आजोबा! यीस्ट आहे ते. गारठ्यात अर्धपोटी झोपलं होतं. तू त्यात आणखी साखर दिलीस, मग ऊब दिलीस. उठून खायला लागलं. बंद बाटलीतला गॅस जाणार कुठे? आधी एखादं बूच टक करतं, मग बाटलीच फुटते. पहिल्यापासून उबेत ठेवलं असतंस तर पिंपातच जेवून मोकळं झालं असतं. बिअर कधीच तयार असती."
सगळ्यांनी आजोबांच्या नावाने कॉफी घेतली.

२६ ऑक्टोबर
आत्या यीस्ट घेऊन गेली. तात्पुरतं. मीच दिलं.
काचा उचलल्या, फरशी पुसली. मग पायरीवर बसले. टक नाही. हळूच हाक मारून बघितली.
खाली कुणीच नाही. भीती गेली, बरं झालं.
अजून थोडा वेळ बसते.