अँबेसिडरच्या मागच्या सीटखालचे दोन पट्टे तपासून मिळणेबाबत

प्रति,
मा. परिवहन अधिकारी साहेब,
हिंगोली.

अर्जदार : प्रतिक्षा लिंबाजी इंगोले, वय १७, शिक्षण नववी (मधूनच सोडली), रा. कुरुंदा, ता. वसमत.

विषय : सोमवारच्या आत आमच्या गाडीची मागची सीट उचलून पट्टे ओढून बघणे व ते माझ्या वडिलांना तोंडी सांगणे.

संदर्भ : लायसन रद्द का करू नये, अशी वडिलांना आलेली नोटीस (उत्तर सोमवारी द्यायचं हाय).

महोदय,

अर्ज कसा लिहितात ते मला बराबर येत न्हाई. तुमच्या गेटजवळचा दलाल लिहून देत व्हता, पण त्याचं आन् माझं भांडण झालं. ते खाली येईल.

१) माझे वडील लिंबाजी इंगोले यांची पांढरी अँबेसिडर हाय, १९७६ ची. लग्नसराईत ते नवऱ्या पोचवतात. कुरुंद्यातल्या अर्ध्या सुना त्याच गाडीतून गेल्या. गाडीला मागं पट्टे न्हवते. एवढ्या जुन्या गाडीला लागत न्हाईत, असं सगळेच म्हणायचे. पण वडिलांनी दिवाळीच्या आधी मागं दोन कमरेचे पट्टे बसवले. लोक हसले, लिंबाजी, म्हातारीला कमरपट्टा काहून? तर वडील म्हणाले, गाडी म्हातारी हाय, नवरी तर नवीच असते ना.

दोन पट्ट्याला चार नट लागतात. वसमतहून नट मीच आणले. दुकानदारानं पाच दिले, एक हरवला तर असावा म्हणून. हे ध्यानात ठेवा साहेब.

२) माझी मोठी बहीण दीपमाला, मी तिला आक्का म्हणते. तिचं लग्न हट्टा गावाला, नवरदेवाच्या दारी व्हतं. घरची गाडी असल्यावर दुसरी कशाला करायची? आदल्या दिवशी मी सीटवर लाल मखमलीचं कव्हर चढवलं. त्याच्यावर ते काळे पट्टे लई घाण दिसून राहिले व्हते. फोटोत येतील म्हणून मी वडिलांशी भांडले. ते म्हणाले, येऊ दे फोटोत.

सकाळी आक्काची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सगळं पोटाशी. कमलबाई आत्या म्हणाली, पट्टा बराबर ओटीवरून जातो, आवळला का ओटी सांडते, आन् नवरीला कुणी बांधून नेतं का गं, ढोर हाय का ती? आमच्यात भरली ओटी सासरच्या दारापस्तोर सांडू देत न्हाईत. मला तर निमित्तच पायजे व्हतं. मी दोन्ही पट्टे सीटखाली खुपसले आन् वरून कव्हर पिना लावून ताणून घेतलं. आत्याला मी बोल लावत न्हाई. हात माझे व्हते.

३) मागं आक्का आन् मी बसलो, मी पाठराखीण म्हणून. पुढं वडील, बाजूला रुखवताची टोपली. आरशाला फुलाच्या माळा, त्यांना मागचं काही दिसत न्हव्हतं. गाडी चालू करायच्या आधी त्यांनी इचारलं, पट्टे लावले का गं पोरींनो? मी म्हणले, व्हय, लावले. आक्कानं मला चिमटा काढला आन् तोंडावर पदर घेऊन हसली.

कॅनॉलच्या वळणावर मेंढरं आडवी आली. वडिलांनी दाबून ब्रेक मारला. एकबी मेंढरू मेलं न्हाई, काच फुटली न्हाई. मी हात पुढं केला, तो मोडला. आक्काचे दोन्ही हात ओटीवर व्हते. तिची मान पुढच्या सीटच्या दांडीवर गेली. नारळ घरंगळत वडिलांच्या पायाशी गेला. दवाखाना येस्तोर ती गेली व्हती. अंगाला हळद तशीच.

४) पंचनाम्यात लिहिलं, मागं पट्टा दिसला न्हाई. त्यांची चूक न्हाई, मी दिसू दिलाच न्हव्हता. म्हणून नोटीस आली. दलाल म्हणाला, सोपं हाय, लिहा की गाडी जुनी, पट्टा मुळातच न्हवता, सुटून जाल. आईलाबी ते पटलं. वडील म्हणाले, मी बसवलेला न्हवता असं लिहू? तर दलाल हसून म्हणाला, काका, पट्टा काय साक्ष द्यायला येतो का? मी त्याचा कागद तिथंच फाडला. त्याबद्दल माफी, कागद फाडल्याबद्दल, त्याला शिव्या दिल्या त्याबद्दल न्हाई.

५) आता खरी तकलीफ सांगते. मी व्हय म्हणले ते वडिलांनी खरं मानलं हाय. त्यांना वाटतं पट्टा लावलेला व्हता आन् तो सुटला. त्यांच्या पान्ह्याच्या डब्यात एक नट सापडला. तो उरलेला पाचवा नट हाय साहेब! पण ते म्हणतात, हा आवळायचा राहिला, माझ्या हातानं माझं लेकरू गेलं. दिवसभर तो नट तळहातावर फिरवत बसतात. जेवायलासुद्धा डाव्या हातात तोच. आन् सोमवारी ते तुमच्या टेबलावर तसंच लिहून देणार हायत, पट्टा मी बसवला, तो सुटला, माझं लायसन रद्द करा.

तुमी म्हणाल, मग तूच सांग ना घरी. तीनदा सांगायला गेले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, तू तरी राहिलीस. मग तोंडच उघडत न्हाई. आन् काल उघडलं तर म्हणले, मला वाचवायला खोटं बोलू नगस बाई. खोटं बोलले तवा त्यांनी खरं मानलं. आता खरं बोलून राहिले तर ते खोटं वाटतं.

तरी विनंती की, आपण स्वतः यावे किंवा गाडीतलं कळणारा माणूस पाठवावा. ते गाडीला कुणाला हात लावू देत न्हाईत, पण सरकारी माणसाला न्हाई म्हणणार न्हाईत. त्यांना जवळ उभं करून सीट उचलावी. नट मोजावेत, चार भरतील. पट्टे त्यांच्याच हातानं ओढायला लावावेत, जेवढा जोर असंल तेवढा. सुटणार न्हाईत. मग त्यांना म्हणावं, लिंबाजी, तुमचं काम पक्कं व्हतं, पट्टा लावलाच न्हव्हता. कुणी लावला न्हाई ते सांगायला मी तिथंच उभी राहीन.

लायसनचं तुमी नियमानं काय करायचं ते करा. ते परत गाडी चालवतील असं मला वाटत न्हाई. पण तो नट त्यांच्या हातातून सुटला पायजे.

सोबत :
१. नोटीसची झेरॉक्स.
२. आक्काचा गाडीत बसतानाचा फोटो. मखमल एकदम साफ दिसते, पट्टा कुठंच न्हाई. मला पायजे व्हता तसाच आला.
३. सीटखालच्या पट्ट्याचा फोटो जोडायचा व्हता. दोनदा गेले. कव्हरला आक्काची हळद लागलेली हाय, पिन काढायला हात उचलत न्हाई. म्हणून जोडला न्हाई.

सोमवारच्या आधी याल या आशेवर,

प्रतिक्षा लिंबाजी इंगोले
(सही डाव्या हाताची हाय, उजवा प्लास्टरमधी हाय)
कुरुंदा, शुक्रवार