तळहात उचला

३ जून, सोमवार
आज एका खिळ्याचं निधन झालं. दहावीच्या वर्गात सव्वीस वर्षं माझा डस्टर ज्यावर लटकला, तो खिळा फळ्यासकट उपटला. शाळेने दोन मिनिटं शांतता पाळायलाही सवड काढली नाही. त्या जागी आता स्मार्ट बोर्ड. बोटाने लिहायचं म्हणे.

मुख्याध्यापिका बाई सतरा तारखेला माझा तास बघायला येणार. जमलं नाही तर दहावीची भूमिती नव्या बाईंकडे. मी नुसता हसलो.

संकल्प: उद्यापासून रोज तासभर सराव.

४ जून
मानसिक तयारी केली. दमलो.

७ जून, मधली सुट्टी
बोर्ड सदोष आहे. त्रिकोण काढला. वरच्या शिरोबिंदूला नाव देईपर्यंत खालचा पाया गायब. त्रिकोणाचा कोन झाला. कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार.

नव्या बाई म्हणाल्या, मी दाखवू का सर? या माझ्याच विद्यार्थिनी. डावऱ्या. लिहिलेल्यावरून हात फिरून वही अशी बरबटायची की दर चाचणीत स्वच्छतेचे दोन गुण मी कापायचोच. दहावीच्या सराव परीक्षेत त्यापायी पहिला नंबर हुकला. पण शिस्त लागली. नको म्हणालो. पारंबीने वडाला उभं राहायला शिकवायचं?

९ जून, रविवार
घरी खिडकीच्या काचेवर सराव. बायको म्हणाली, पुसताच आहात तर बाकीच्या तीनही घ्या. घेतल्या.

१४ जून
पत्र उद्या. सराव परवा. सव्वीस वर्षांचा अनुभव ऐन वेळी धावून येतोच.

१७ जून
अनुभव आला नाही. मुख्याध्यापिका बाई मात्र वेळेवर आल्या. शेवटच्या बाकावर बसल्या, शेजारी नव्या बाई. त्रिकोण काढला, पाया गेला. पुन्हा काढला, गेला. तिसऱ्यांदाही. पोरं हसली नाहीत, यावरून माझा दरारा सिद्ध होतो. एक मुलगी तर तोंडात रुमाल कोंबून ऐकत होती.

नव्या बाई उठून जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “सर, तळहात उचला. तो टेकला की बोर्ड पुसतो. मलाही तुम्ही हेच सांगायचात.”

उचलला. पाया राहिला. घंटा झाली.

१८ जून
दहावी त्यांच्याकडे. मला पाचवी. ही एक प्रकारे बढतीच. पाया तिथेच घातला जातो. तिथे जुना फळा आहे. खिळाही आहे. डस्टर अडकवला. पडला. खिळा ढिला आहे.

२० जून
शिक्षकांच्या खोलीत कोणी नव्हतं. एका चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलं: स्वच्छता, दोनपैकी दोन. खाली सही. नव्या बाईंच्या खणात ठेवली.

तारीख घातली नाही. उगाच उशीर दिसतो.