वधूची हरकत

श्रीगोंदा, रविवार, २ नोव्हेंबर २०२५

घटना क्रमाने नोंदवते, संताप नंतर.

पहिली : लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवारी घोषणा करून हरकत विचारतात; १९८९ साली इथल्याच चर्चमध्ये आमोस शिनगारे आणि मी यांच्या विवाहाची घोषणा लागोपाठ दोन रविवारी झाली. दुसरी : तिसऱ्या रविवारी त्याची आई साळूबाई भर उपासनेत उभी राहिली, "माझी हरकत हाय" म्हणाली, आणि आमोस बाकावर बसून राहिला. लग्न मोडले. तिसरी : त्याने पुढे दुसरीकडे संसार केला, आता तो विधुर आहे. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले, आणि कोणासाठीही थांबले नाही. चौथी : आज पाळकसाहेबांनी आमची तिसरी घोषणा वाचली.

मला न विचारता!

कोणाची हरकत आहे का, असे त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले. मी उभी राहिले. "आहे. वधूची."

सोमवार, ३ नोव्हेंबर

आमोस आला. आत बोलावले नाही. खुलासा असा — म्हातारीने पाळकसाहेबांना गाठून आपली हरकत मागे घेतली. म्हणजे अडलेली घोषणा आपोआप पुढे चालू, ही मायलेकांची समजूत. पाळकसाहेब नवे, त्यांनी माझी संमती गृहीत धरली. छत्तीस वर्षे जणू मधली सुट्टी होती!

"तेव्हा तुम्ही बसून राहिलात," मी म्हणाले.

"आज उभा हाय. तुमी म्हणाल तवाच बसन."

'बसा' म्हटले नाही. उंबऱ्याबाहेर ताठ उभा होता, बराच वेळ. खुर्ची मात्र मी सकाळीच पुसून ठेवली होती — कशासाठी, ते इथे लिहिणार नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

भाजीवालीने अभिनंदन केले. कोथिंबीर परत केली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

साळूबाई काठी टेकत आली. तिला बसवले, वयाचा मान.

"तवा वाटलं, एवढी शिकल्याली पोर. माझ्या हातची भाकर हिला गोड लागायची न्हाई."

"आणि आता?"

"आता दात न्हाईत, बाई. माझी भाकर मलाच चावत न्हाई."

हसू दाबले. मग तिने विचारले, माझी हरकत पोरावर आहे, की न विचारण्यावर. लेखी देईन, एवढेच सांगितले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज पाळकसाहेबांच्या हाती दिले, ते शब्दशः :

"अर्धवट राहिलेल्या लग्नाचा उरलेला तुकडा मला मान्य नाही. तिन्ही घोषणा नव्याने व्हाव्यात, उद्याची पहिली. तिन्ही वेळा वराने उभे राहावे. मान्य आहे किंवा नाही, ते वराने आज संध्याकाळपर्यंत मला लेखी कळवावे."